ध्वनिमुद्रित कीर्तन आणि त्याची संहिता : गाडगेबाबांच्या अखेरच्या कीर्तनाच्या निमित्ताने

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे पोलीस ठाणे येथे झालेले संत गाडगेबाबांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले व पुढे ते 'अखेरचे कीर्तन' या नावाने सर्वत्र ओळखले जाऊ लागले. त्यानंतर सहा आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे जात असता वलगावनजीक बाबांचे देहावसान झाले. १९०५ मध्ये घर सोडल्यापासून सुमारे पन्नास वर्षे हा पुरुष गावोगाव हिंडला. दिवसा गाव झाडले, रात्री कीर्तन केले. त्याने स्वहस्ते एक ओळही लिहिली नाही. त्याला अक्षरओळख नव्हती. अशा व्यक्तीच्या वाङ्मयीन कर्तृत्वाचा विचार करताना अभ्यासकासमोर ग्रंथ नसतो, हस्तलिखितही नसते. असतो तो आवाज, आणि त्या आवाजाला उत्तर देणाऱ्या समूहाचा आवाज.

या ध्वनिमुद्रणाची अनेक शब्दांकने छापली गेली, पुस्तिकांतून व स्मरणिकांतून ती पुनःपुन्हा प्रसिद्ध झाली. मात्र छापताना बहुधा एक गोष्ट घडते : कीर्तनाचे प्रवचन होते. बाबांची वाक्ये उरतात. श्रोत्यांचे होकार, नकार, हशा, गजरातील सहभाग आणि प्रश्नानंतरची शांतता एक तर कंसात जातात किंवा गळून पडतात. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, गाडगेबाबांच्या कीर्तनात श्रोत्यांचा प्रतिसाद हा सादरीकरणाचा आनुषंगिक भाग नसून संहितेचाच घटक आहे, आणि या घडणीचे मूळ अमरावती व अकोला जिल्ह्यांत व्यतीत झालेल्या देबूजीच्या पूर्वायुष्यात शोधता येते. हे मान्य केल्यास मौखिक संहितेच्या संपादनाविषयीच्या आपल्या काही सवयी बदलाव्या लागतील.

१. देबूजीचे पूर्वायुष्य

गाडगेबाबांचे मूळ नाव देबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे, परीट कुटुंबात झाला. वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले होते. देबूजी आठ वर्षांचा असताना त्यांचा मृत्यू झाला. आई सखूबाई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे आली. म्हणजे आजच्या जिल्ह्यांच्या भाषेत अमरावतीतून अकोल्यात आली. प्रत्यक्षात पूर्णेच्या खोऱ्यातील एका काळ्या रानातून दुसऱ्या काळ्या रानात आली. पोरक्या झालेल्या मुलाने मामा चंद्रभानजींच्या घरी गुरे राखली, पुढे औत धरले. शाळेचा प्रश्नच आला नाही. १८९२ मध्ये कुंताबाईंशी त्याचा विवाह झाला.

या घरगुती हकिकतीमागे वऱ्हाडचा मोठा आर्थिक इतिहास उभा आहे. १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. त्याच सुमारास लोहमार्गही आला. युद्ध संपल्यावर भाव उतरले, परंतु रोख पिकाची व रोख कर्जाची लागलेली सवय मागे राहिली. जमीन आता नोंदवलेल्या कागदावर गहाण पडू लागली आणि तो कागद ज्याला वाचता येत असे, त्याच्या बाजूने न्याय झुकू लागला. शतक संपता संपता, १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ या प्रदेशाने सोसले.

मामांचे शेत याच रीतीने सावकाराच्या व्यवहारात सापडले आणि गेले. त्या धक्क्यातून मामा सावरले नाहीत. शेताचा ताबा घेण्यास आलेल्यांना तरुण देबूजीने बांधावर अडविले, असे चरित्रकार सांगतात. या प्रसंगाच्या तपशिलांत चरित्रागणिक फरक पडतो. पण एक गोष्ट सर्वत्र समान आहे. घरातील कोणालाही त्या कागदावर काय लिहिले आहे हे वाचता येत नव्हते. तोंडी सांगितलेला शब्द आणि लिहून घेतलेला शब्द यांच्या झटापटीत तोंडी शब्द हरला होता.

याच काळातील दुसरी घटना अधिक परिचित आहे. मुलीच्या बारशाच्या जेवणावळीत मांस व दारू देण्याचा जातीतील प्रघात देबूजीने मोडला आणि गोडाचे जेवण घातले. ज्याचा बाप दारूने गेला त्याने पंक्तीतून दारू हद्दपार करावी, यात उपदेशापेक्षा अनुभवाचा भाग मोठा आहे. त्यासाठी त्याला स्वतःच्याच भाऊबंदांसमोर उभे राहावे लागले, हेही ध्यानात घ्यावयास हवे. पुढे कीर्तनात हजारोंसमोर जे घडत राहिले, त्याची पहिली बैठक ही पंगत होती.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी देबूजीने घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात काठी व मातीचे गाडगे एवढाच सरंजाम होता. या गाडग्यावरूनच लोकांनी त्याला नवे नाव दिले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. संतचरित्र हा स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे आणि त्याचे स्वतःचे संकेत आहेत. बालपणीचे दुःख, एखादा निर्णायक अन्याय आणि रात्रीचे गृहत्याग हे टप्पे या प्रकारात अपेक्षितच असतात. प्रबोधनकार ठाकरे यांच्या १९५२ मधील चरित्राला समाजसुधारकाची दृष्टी आहे. अमरावती जिल्ह्यातीलच परतवाडा येथे जन्मलेल्या व तरुणपणी बाबांच्या सहवासात राहिलेल्या गो. नी. दांडेकरांच्या लेखनाला कादंबरीकाराचा डोळा आहे. त्यामुळे चरित्रातील प्रत्येक प्रसंग जसाच्या तसा पुरावा म्हणून घेता येत नाही. परंतु बापाचा दारूने झालेला मृत्यू, मामाच्या घरचा आश्रय, गेलेले शेत आणि निरक्षरता या चार गोष्टींविषयी चरित्रकारांत मतभेद नाही. पुढील विवेचनाला एवढा आधार पुरेसा आहे.

२. प्रश्न, होकार आणि गजर

नारदीय कीर्तनाचा साचा अभ्यासकांना परिचित आहे. नमन, मूळ पद, त्यावरील निरूपण असा पूर्वरंग, मध्यंतरी नामगजर, नंतर आख्यानाचा उत्तररंग. वारकरी कीर्तनात एखादा अभंग घेऊन प्रमाणांच्या आधारे त्याचे विवरण केले जाते. दोन्ही परंपरांत कीर्तनकार जाणकार असतो आणि श्रोता ग्रहण करणारा. साथीदार व टाळकरी ध्रुपद उचलतात, परंतु विचाराची दोरी कीर्तनकाराच्या हातून सुटत नाही.

गाडगेबाबांच्या कीर्तनात अभंग आहे, कबीराचा दोहा आहे, 'देवकीनंदन गोपाला' हा नामगजरही आहे. बदलले आहे ते प्रतिपादनाचे यंत्र. बाबा सिद्धान्त मांडत नाहीत. ते प्रश्न विचारतात. हे प्रश्न इतके लहान असतात की त्यांचे उत्तर एकाच शब्दात, बहुधा होय किंवा नाही असेच, देता येते. गावात देऊळ आहे काय, येथपासून आरंभ होतो. देवळात देव आहे काय? तो कोठून आणला? विकत मिळतो काय? त्याला आंघोळ कोण घालते? नैवेद्य ठेवल्यावर कुत्रे येऊ नये म्हणून काठी घेऊन कोण बसते? देवाजवळ दिवा लावला नाही तर देव दिसेल काय? प्रत्येक प्रश्नाचे उत्तर श्रोत्याला ठाऊक असते, कारण ते त्याच्या रोजच्या व्यवहारातले असते. म्हणून तो विनासंकोच उत्तर देतो. आठ-दहा उत्तरे दिल्यावर त्याच्या लक्षात येते की, आपणच आपल्या तोंडाने एका निष्कर्षापर्यंत आलो आहोत आणि आता माघार घेता येत नाही. तेथे हशा पिकतो. हा हशा विनोदाला मिळालेली दाद नसते; तो श्रोत्याने स्वतःशी दिलेल्या कबुलीचा आवाज असतो.

या रचनेचे तर्कशास्त्र स्पष्ट आहे. निष्कर्ष वक्त्याने उच्चारला तर तो वक्त्याचा राहतो. श्रोत्याच्या उत्तरांतून निघाला तर तो श्रोत्याचा होतो. म्हणून मुद्रित प्रतीतून श्रोत्यांची उत्तरे काढून टाकली की युक्तिवादाची पायरी न् पायरी निखळते आणि उरते ती मूर्तिपूजेवरील टीका. अशी टीका एकोणिसाव्या शतकातील अनेक सुधारकांनी केली होती. बाबांचे वेगळेपण टीकेच्या आशयापेक्षा तिच्या मालकीत आहे : ती टीका समूहाने केलेली असते.

पूर्वायुष्याचा संबंध येथे येतो. निरक्षर समाजात व्यवहाराची ग्वाही शब्दावर असते. चार माणसांदेखत 'होय' म्हणणे हाच करार. देबूजीच्या घराण्याने या कराराचा पराभव पाहिला होता. सावकाराच्या कागदापुढे तोंडी शब्दाला किंमत उरली नव्हती. कीर्तनाच्या रिंगणात बाबांनी हा तोंडी करार जणू पुन्हा उभा केला. दारू सोडाल काय, मुलाला शाळेत घालाल काय, असे विचारून ते हजार माणसांदेखत होकार घेतात. तो होकार साक्षीपुराव्यासह दिलेला शब्द असतो. उद्या गावात तो मोडताना शेजारी पाहत असतो. कीर्तनकाराचा प्रश्न आणि साक्षीदारांसमोर घेतलेली कबुली यांतील हे साम्य आकस्मिक मानता येत नाही.

मात्र याचा अर्थ बाबांना लिखित शब्दाविषयी अढी होती असा नाही. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. अखेरच्या कीर्तनातील सर्वांत आग्रही भाग शिक्षणाविषयीचा आहे. जेवणाचे ताट मोडावे लागले तरी चालेल, भाकरी हातावर घेऊन खा, घरधनिणीला कमी किमतीचे लुगडे घ्या, पण मुलाला शिकविल्यावाचून राहू नका, असा त्याचा आशय आहे. पाठोपाठ डॉ. आंबेडकरांचे उदाहरण येते. वडिलांनी मुलाला शाळेत घातले आणि त्या मुलाने देशाची राज्यघटना केली. ज्या माणसाच्या घरातील शेत कागद वाचता न आल्याने गेले, तो येथे देशाचा सर्वोच्च कागद लिहिणाऱ्या माणसाचे नाव घेतो. या दोन कागदांमधील अंतर हाच त्या कीर्तनाचा अनुच्चारित विषय आहे. नागपूरचा धर्मांतर सोहळा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, म्हणजे या कीर्तनापूर्वी पंचवीस दिवस आधी झाला होता. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि चौदा दिवसांनी गाडगेबाबा. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी १९४९ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे कीर्तनातील उल्लेखाला कृतीचे पाठबळ होते हे दिसते.

ताट, भाकरी, लुगडे या वस्तूंची निवडही लक्षणीय आहे. बाबांच्या उपदेशात त्यागाची भाषा अमूर्त नाही. ती घरखर्चाच्या हिशेबाची भाषा आहे. कोणती वस्तू मोडली असता किती पैसा हाती येतो, कोठे काटकसर शक्य आहे, याचे गणित श्रोता मनातल्या मनात करू शकतो. कर्जात बुडालेल्या घरात वाढलेल्या माणसाची ही हिशेबी नजर आहे.

नामगजराचे कार्यही या दृष्टीने पाहावयास हवे. प्रश्नांची एक साखळी संपली, कबुली मिळाली, की गजर येतो. तो परिच्छेद बदलल्याची खूण असतो. कीर्तनकाराला दम घेण्यास अवसर देतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ज्याच्या डोक्यावर आत्ताच प्रश्नांचा घाव बसला, त्या श्रोत्याला तो पुन्हा समूहात सामावून घेतो. टीकेने श्रोता एकटा पडतो, गजराने तो एकत्र येतो. बाबांच्या अत्यंत कठोर बोलण्यानंतरही माणसे उठून जात नसत, याचे एक कारण येथे सापडते.

३. बोलीचा पीळ

१९०५ हे वर्ष वऱ्हाडीच्या अभ्यासात आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. त्यात वऱ्हाडीला स्थान मिळाले. सर्वेक्षणातील भाषांचे नमुने मुख्यतः बायबलमधील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताच्या अनुवादांवर आधारलेले होते. तुलनेसाठी ही पद्धत सोयीची होती. परंतु ठरावीक मजकुराच्या अनुवादात बोलीचे व्याकरण सापडते, तिची चाल सापडत नाही. ज्या वर्षी हा खंड छापला गेला, त्याच वर्षी ती चाल घेऊन एक माणूस दापुऱ्याहून बाहेर पडला, हा योगायोग नोंदण्याजोगा आहे.

वऱ्हाडीची काही लक्षणे सर्वज्ञात आहेत. 'मला, तुला' यांऐवजी 'मले, तुले'. 'पाणी' ऐवजी 'पानी'. 'डोळा' ऐवजी 'डोया'. 'का' या अर्थी 'काहून'. आणि 'येजो, जाजो' यांसारखी आज्ञार्थाची मवाळ रूपे. यांपैकी शेवटचे लक्षण उपदेशपर वाङ्मयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. 'जा' ही आज्ञा आहे. 'जाजो' मध्ये आज्ञेबरोबर पुढच्या काळावर सोपविलेला विश्वास आहे. प्रमाण मराठीत ही छटा एका प्रत्ययाने व्यक्त होत नाही. म्हणून बोलीतील उपदेश प्रमाणभाषेत आणला की त्याचा सूर नकळत चढतो; आर्जव जाते व हुकूम उरतो.

बाबांची कीर्तने महाराष्ट्रभर झाली. कोकणात, खानदेशात, मुंबईच्या कामगारवस्त्यांत ती झाली. त्या त्या ठिकाणच्या श्रोत्यांसाठी त्यांची भाषा थोडीफार वळत असणार. तरी तिचा मूळ पीळ वऱ्हाडीच राहिला. वांद्रे येथील कीर्तनाच्या एकच आठवडा आधी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचनेने वऱ्हाडचे जिल्हे मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आले होते. प्रशासकीय नकाशावर वऱ्हाड मुंबईशी नुकतेच जोडले गेले असताना, वऱ्हाडी आवाज मुंबईच्या श्रोत्यांकडून उत्तरे घेत होता. तो आवाज मुंबईकरांना दुभाष्याशिवाय कळत होता, हा बोली-प्रमाणभाषा संबंधाविषयीचा बोलका पुरावा आहे.

४. तबकडी आणि समूह

तालबद्ध बोलण्याची कला जेव्हा ध्वनिमुद्रणाच्या स्वाधीन होते, तेव्हा तिच्यात काय बदल होतो, हा प्रश्न गाडगेबाबांपुरता मर्यादित नाही. भारतात १९०२ मध्ये तबकड्यांसाठी गौहरजान यांच्या गायनाचे ध्वनिमुद्रण झाले. पुढील अर्धशतकात प्रचारात असलेल्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेच मावत. गौहरजान गाण्याच्या अखेरीस स्वतःचे नाव उच्चारीत. समोर मैफल नव्हती, यंत्र होते. म्हणून आपण कोण हे यंत्राला सांगावे लागे. नाट्यपद, भावगीत, लहान केलेला पोवाडा या मर्यादेत बसले. दोन-दोन तास चालणारे, श्रोत्यांच्या उत्तरांवर पुढे सरकणारे कीर्तन त्यात बसणे शक्य नव्हते. गाडगेबाबांसारख्या कीर्तनकाराची वाणी व्यापारी तबकडीच्या जगापासून दूर राहिली, याचे एक कारण कलाप्रकाराच्या लांबीतच आहे.

तुलनेसाठी रॅप या प्रकाराचा विचार उद्बोधक ठरतो. ठेक्यावर यमकबद्ध बोलण्याचा हा प्रकार न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील कृष्णवर्णीयांच्या व स्थलांतरितांच्या वस्त्यांत आकाराला आला. जमैकाहून आलेल्या डीजे कूल हर्क याने ११ ऑगस्ट १९७३ रोजी तेथील एका इमारतीत केलेला कार्यक्रम हा त्याचा आरंभबिंदू मानला जातो. रात्रभर चालणाऱ्या अशा मेळाव्यांत निवेदक हाक देई आणि जमाव साद देई. १९७९ मध्ये शुगरहिल गँगची 'रॅपर्स डिलाइट' ही तबकडी निघाली. तिच्या मोठ्या आवृत्तीची लांबी चौदा मिनिटांहून अधिक आहे. तबकडीच्या मानाने ती मोठी, मेळाव्याच्या मानाने अगदीच लहान. या तबकडीने रॅपचे नाव जगभर नेले. मात्र रात्रभराच्या हाक-सादेतून तबकडीवर मुख्यत्वे निवेदकाचे बोलणे आले आणि पुढे रॅप म्हणजे एका व्यक्तीचे शब्दकौशल्य असा समज रूढ होत गेला. कीर्तनाच्या मुद्रणाने जे केले, तेच तेथे तबकडीने केले. दोन्ही ठिकाणी समूह वजा झाला.

या दोन परंपरांत प्रभावाचे नाते दाखविण्याचा येथे हेतू नाही. तसे नाते नाही. साम्य परिस्थितीचे आहे. शिक्षण व संपत्ती यांपासून दूर ठेवलेल्या समाजाने, हाताशी असलेल्या एकमेव साधनातून म्हणजे जिभेतून, सार्वजनिक युक्तिवादाचा एक प्रकार घडविला, हे दोहोंत समान आहे. आणि आता या दोन धारा अमरावतीतच एकमेकींच्या शेजारी आल्या आहेत. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर हा तरुण रॅपर '१००आरबीएच' असे नाव लावतो. त्यातील शंभराचा आकडा हिंदीतल्याप्रमाणे 'सौ' असा वाचला की 'सौरभ' हे नाव मिळते. 'स्वदेसी' या मुंबईतील रॅपसमूहाशी तो निगडित आहे. २०२३ मध्ये 'एमटीव्ही हसल' या स्पर्धेच्या तिसऱ्या पर्वात त्याच्यामुळे वऱ्हाडी वळणाची मराठी देशभर ऐकू आली. अमरावतीच्या मातीत सामाजिक आशयाच्या तालबद्ध वाणीची परंपरा आधीच रुजलेली होती. यावली येथे १९०९ मध्ये जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या ठेक्यावर ग्रामसुधारणेची भजने म्हटली. अकोला जिल्ह्यातील सत्यपाल महाराजांनी सात खंजिऱ्या एकत्र वाजवून प्रबोधनाची स्वतंत्र शैली घडविली. वऱ्हाडातील रॅपकडे केवळ परदेशी अनुकरण म्हणून पाहणाऱ्याने ही पार्श्वभूमी तपासणे योग्य ठरेल.

५. संहितानिश्चितीविषयी काही सूचना

वरील विवेचनावरून ध्वनिमुद्रित कीर्तनाचे शब्दांकन करताना पाळावयाची काही पथ्ये सुचविता येतात. पदव्युत्तर स्तरावरील प्रकल्पांना ती उपयोगी पडावीत.

पहिले पथ्य असे की, श्रोत्यांचा प्रतिसाद कंसात न टाकता नाटकाच्या संहितेप्रमाणे स्वतंत्र ओळीवर लिहावा. उत्तर एकमुखी आले, विखुरलेले आले की आलेच नाही, याची नोंद करावी. उत्तर न येणे हाही प्रतिसाद असतो. अनेकदा तसे झाल्यास कीर्तनकाराला प्रश्न बदलून पुन्हा विचारावा लागतो, आणि ती पुनरावृत्ती 'द्विरुक्ती' म्हणून गाळणे ही गंभीर चूक ठरते.

दुसरे पथ्य विरामाविषयीचे. मुद्रित विरामचिन्हे वाक्यरचनेसाठी असतात. ऐकू येणारे विराम युक्तिवादासाठी असतात. प्रश्नानंतरचा विराम, हशानंतरचा विराम आणि गजरापूर्वीचा विराम यांची कार्ये भिन्न आहेत. त्यांच्यासाठी साध्या खुणा ठरवून घेता येतात.

तिसरे पथ्य बोलीरूपांचे. 'मले' चे 'मला' करणे हे मुद्रितशोधन नव्हे, भाषांतर आहे. त्याच वेळी, शब्दांकन करणाऱ्याने आपल्या कल्पनेतील वऱ्हाडी बाबांच्या तोंडी घालणेही तितकेच चूक आहे. जेथे प्रमाणरूप ऐकू येते तेथे ते तसेच ठेवावे. एकाच वाक्यात बोलीरूप व प्रमाणरूप एकत्र येणे ही विसंगती नसून, निरनिराळ्या प्रदेशांतील श्रोत्यांशी बोलणाऱ्या वक्त्याची स्वाभाविक भाषा आहे.

चौथे पथ्य गजराविषयी. 'गजर' असा एक शब्द लिहून पुढे जाण्याऐवजी तो किती वेळ चालला, कोणी उचलला, त्याची लय वाढली की स्थिर राहिली, हे नोंदविल्यास कीर्तनाची परिच्छेदरचना हाती येते.

पाचवे पथ्य सर्वांत साधे आणि सर्वांत दुर्लक्षित आहे : शब्दांकन कोणत्या प्रतीवरून केले, ते सांगावे. फितीवरून कॅसेट, कॅसेटवरून पुढील प्रत, अशा प्रवासात आवाज झिजतो. त्यातही वक्त्याचा जवळचा आवाज टिकतो व दूरच्या श्रोत्यांचा आवाज आधी विरतो. म्हणजे ज्या घटकाला मुद्रणाने वगळले, त्यालाच पुनर्मुद्रणाचे यंत्रही प्रथम वगळते. म्हणूनच हे काम पुढे ढकलण्याजोगे नाही.

समारोप

१ मे १९८३ रोजी स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला २००५ मध्ये संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले. कधीही शाळेत न गेलेल्या माणसाच्या नावाने वऱ्हाडातील मुले आता पदव्या घेतात. मुलांनी शिकावे हा त्या माणसाचा अखेरचा आग्रह असल्याने हा गौरव उचित आहे. परंतु अक्षराने मौखिक शब्दावर मात करण्याची जी प्रक्रिया दापुऱ्याच्या शेतात घडली, तीच त्याच्या कीर्तनाच्या छापील प्रतीत वेगळ्या स्वरूपात घडावी, हे अभ्यासकांना शोभणारे नाही.

सावकाराच्या कागदावर एकाच पक्षाचे म्हणणे लिहिलेले होते. कीर्तनात दुसऱ्या पक्षाला बोलण्याची जागा मिळाली. ध्वनिमुद्रणाने तिचा पुरावा राखला. संहिता सिद्ध करताना त्या हजार अनामिकांचे 'होय' आणि 'नाही' पानावर उमटले, तरच ती संहिता गाडगेबाबांच्या कीर्तनाची म्हणता येईल.